सामाईक छपराखाली

कुणकेश्वरला माणसे देवासाठी येतात, हल्ली समुद्रासाठीही येतात. देऊळ अगदी किनाऱ्यावर, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच फेरीत उरकतात. दर्शन घ्यायचे, वाळूत थोडे चालायचे, शहाळे फोडायचे, देवगडचे हापूस मिळाले तर एखादी पेटी गाडीत टाकायची आणि पुढे मालवणच्या दिशेने निघायचे. तारामुंबरी आणि मिठमुंबरी यांना जोडणारा पूल झाल्यापासून देवगडहून येणे फार जवळचे झाले आणि मुक्कामाची गरजच संपली. महाशिवरात्रीला मात्र हा परिसर माणसांनी फुलतो. गावोगावच्या देवस्वाऱ्या तीर्थस्नानाला उतरतात, आणि कोकणची काशी हे नाव या जागेला का मिळाले ते कोणी सांगावे लागत नाही. जरा चौकस माणूस देवळाच्या पूर्वेच्या बाजूची गुहा आणि तिच्यातले दगडी मुखवटे पाहतो. पण समुद्राकडे पाठ करून, डोंगराच्या अंगाने वर जाणाऱ्या घाटीला लागणारा विरळाच. ही पुस्तिका त्या विरळ्या माणसासाठी आहे.

वरच्या बाजूला जुनी घरे आहेत, आणि ही पुस्तिका त्यांच्याच फेरीची आहे. त्यांतल्या कोणत्याही घरावर निळी पाटी नाही, तिकीट नाही, ‘येथे अमुक यांचा जन्म झाला’ असा संगमरवरी तुकडाही नाही. म्हणून जुन्या घरांची फेरी म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते आधी थोडे बाजूला ठेवावे लागेल. पणजीच्या फोंतान्यशमध्ये तुम्ही रस्त्याने चालता आणि दोन्ही बाजूंना रंगीत भिंती, गॅलऱ्या, खिडक्या ओळीने उभ्या असतात. अहमदाबादेत 1997 पासून सकाळची वारसा-फेरी निघते, ती एका पोळातून, म्हणजे जुन्या गल्लीवस्तीतून, दुसऱ्या पोळात शिरत जाते. पुण्याच्या शनिवार-सदाशिवात जे चार वाडे उरले आहेत त्यांचे दिंडी दरवाजे तरी रस्त्यावर येतात. या सगळ्या ठिकाणी वस्ती म्हणजे रस्ता, आणि घर म्हणजे रस्त्याला दिसणारे तोंड. देवगड तालुक्यात तसे नाही. इथे देशावरच्यासारखे एकवट गावठाण नसते. गाव वाड्यांत विखुरलेले असते, आणि वाडीतले प्रत्येक घर आपापल्या भाटात, माडा-फणसांच्या आड, कंबरभर उंचीच्या गडग्यामागे बसलेले असते. दोन गडग्यांमधल्या पाणंदीतून तुम्ही चालत राहिलात तर दिसेल ते एवढेच: कौलांची उतरण, एक विहीर, वाळत घातलेली लुगडी, आणि भुंकणारे कुत्रे. घर रस्त्याला तोंड देत नाही. ते बघायचे तर आत जावे लागते, आणि आत जायचे तर कोणीतरी ‘या’ म्हणावे लागते.

म्हणून या फेरीत नकाशापेक्षा प्रश्न आधी येतो, आणि तो तुम्ही नव्हे, घर विचारते. ‘खंयसून इलात?’ आणि लगेच, ‘कोणाकडे?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जवळ असू द्यावे. ‘घर बघायला आलो’ हे उत्तर ऐकून म्हातारी हसते. घरात बघण्यासारखे काय, असा तिचा प्रामाणिक समज असतो. पण ‘वायच बसा’ म्हणते.

बसण्याआधी बाहेरूनच दोन गोष्टी बघून घ्याव्यात. एक भिंत. ती जांभ्याच्या चिऱ्यांची. खाणीतून निघताना हा दगड कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येईल इतका मऊ असतो आणि वारा-ऊन लागून घट्ट होत जातो. फ्रान्सिस बुकानन 1800-01 मध्ये म्हैसूर, कानडा आणि मलबार फिरत होता. केरळात अंगाडीपुरमच्या आसपास लोक जमिनीतूनच विटा कापून काढतात हे पाहून त्याने त्याला विटेसाठीचा लॅटिन शब्द चिकटवला आणि जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत तो ‘लॅटराइट’ म्हणून गेला. आमच्याकडे तो चिराच राहिला. जुन्या घरांत चिरे मातीत बसवलेले, सांधे शिंपल्यांच्या चुन्याने भरलेले आणि वरून चुन्याचाच हात. ज्या घराला परवडले नाही तिथे खाली चार थर चिरे आणि वर मातीची भिंत. पावसाचे पाणी उडते तेवढ्या उंचीपर्यंत दगड आणि पुढे माती, असा सरळ हिशेब.

दुसरे बघायचे ते छप्पर. आधी इथे गवताची किंवा झापांची छपरे होती, थोड्यांची नळ्यांच्या कौलांची, म्हणजे कुंभाराने चाकावर घडवून उभी चिरलेली अर्धगोल कौले. मग बासेल मिशनच्या जर्मन-स्विस मंडळींनी 1865 मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांत अडकणारे ते चपटे लाल कौल गलबतांतून पश्चिम किनाऱ्याच्या बंदराबंदरांत उतरू लागले. पडवीच्या कडेचे एखादे सुटलेले कौल उलटे करून पाहिले तर कारखान्याचे नाव सापडते, कधी सालही सापडते. हौशी पाहुणा इथे हमखास फसतो. 1865 वाचून त्याला घर दीडशे वर्षांचे वाटते. ते साल कारखाना निघाल्याचे असते. तोच शिक्का मारलेली कौले पुढे कितीतरी वर्षे निघत राहिली. घराचे वय कौलावरून काढू नये, काढायचेच तर आढ्यावरून काढावे, आणि त्याहून बरे म्हणजे घरातल्या वृद्धांना ‘तुमच्या आजोबांनी काय वाढवलं’ असे विचारून काढावे.

कारण हे घर एका दमात कोणी बांधलेले नसते. पुण्यातला वाडा किंवा गोव्यात चांदरचे ब्रागांझांचे घर एखाद्या कर्त्या पुरुषाच्या इच्छेतून, आखून, उभे राहते असे निदान वाटते तरी. इथले घर मागून पुढे वाढत येते. सगळ्यात मागचा भाग सगळ्यात जुना: रांधपघर, त्याला लागून धान्याची खोली, माजघर, देवखोली, आणि माजघराच्या एका अंगाला खिडकी नसल्यातच जमा अशी अंधारी बाळंतिणीची खोली. इथे भिंती जाड, दारे ठेंगणी. उंच माणसाला वाकावे लागते आणि देवखोलीच्या दाराशी तर ते हवेच असते. भात साठवायच्या बांबूच्या कणग्या याच भागात असायच्या. ज्या घरात खोतीचा किंवा जमीनदारीचा वसूल यायचा तिथे हा भाग अवाढव्य आढळतो, आणि आज तो सगळ्यात रिकामा आहे. 1949 च्या कायद्याने खोती गेली, 1948 च्या कूळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषिदिनाने जमीन कसणाऱ्याकडे गेली. भात येणे थांबले, खोल्या मात्र तेवढ्याच राहिल्या. त्यांत आता जुन्या पेट्या, मोडका पाळणा, पितळी घंगाळे आणि एप्रिल-मे महिन्यांत आंब्याची अढी असते. या दिवसांत जर कोणी तुम्हाला आत नेले तर घराच्या रचनेपेक्षा गवतात पिकणाऱ्या हापूसचा वास जास्त लक्षात राहील. तक्रार करू नये.

पुढचा भाग म्हणजे ओटी आणि तिच्यापुढची पडवी. हा बहुतेक ठिकाणी मनीऑर्डरीचा भाग. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, पोस्टात, बोटींवर गेलेल्या माणसाने पाठवलेल्या पैशातून आधी कर्ज फिटले, मग बहिणीचे लग्न झाले, आणि मग कधीतरी पडवीला कठडा आला, जमिनीवर शेणाच्या जागी कोबा आला, ओटीवर नक्षीच्या फरश्या आल्या. लाकडी गजांच्या जागी लोखंडी गज लागले. झोपाळा टांगला गेला. भिंतीवर मुंबईच्या फोटो स्टुडिओत काढलेला, कोटातला, एक हात खुर्चीवर ठेवलेला पूर्वज आला. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर वाढायची थांबलेली घरे ओळखू येतात: एका बाजूची पडवी पक्की, दुसऱ्या बाजूला अजून चिऱ्यांचे दाते बाहेर, पुढच्या भिंतीची वाट पाहत. पुढे काही घरांत आंब्याचा पैसा आला आणि त्याने मागचे काही न पाडता बाजूलाच स्लॅबचे घर उठवले. असे जोडघर बघितले की शहरी मंडळी नाक मुरडतात. मला ते खरे वाटते. ज्यांना घाम न गाळता पाणी तापवायचे आहे, पावसात न भिजता न्हाणीत जायचे आहे, त्यांनी स्लॅब टाकला. जुने घर पाडले नाही, एवढे सौजन्य दाखवले.

आता आत जाण्याविषयी. खळे, पडवी, ओटी, माजघर, देवखोली, रांधपघर असा आतला क्रम आहे, आणि प्रत्येक उंबऱ्यापाशी पाहुण्यांची एकेक जात गळत जाई. ‘जात’ हे मी शब्दशः म्हणतो. खळ्यात कोण उभा राहील, पडवीच्या पायरीवर कोण टेकेल, ओटीवर कोणाला पाट मिळेल आणि माजघरात कोणाची बाई जाईल, हे घर बांधतानाच ठरलेले असे. पडवीच्या जोत्याची उंची पुराच्या पाण्यासाठी नसते, इथे पूर कुठला. काही घरांत पडवीच्या एका टोकाला खालच्या पातळीवर वेगळा चौथरा आहे. कोणासाठी, असे विचारले की जुनी माणसे विषय बदलतात, तरुण माणसे सांगतात. सुंदर जुन्या घरांवर लिहिणाऱ्यांनी हे गाळायची पद्धत आहे. मग फक्त कोरीव खांब आणि तुळशीवृंदावन उरते. पाहुण्याने घर बघावे तर तो चौथराही बघावा.

आणि जी घरे दिसत नाहीत त्यांचीही गोष्ट इथेच सांगायला हवी. किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्यांच्या वस्त्या, वरच्या अंगाला शेतमजुरांच्या, अशा जागांत दीडशे वर्षांपूर्वीचे एकही घर सापडत नाही. तिथे माणसे नव्हती म्हणून नव्हे. त्यांची घरे कुडाची, झापांची, दर पावसाआधी शाकारावी लागणारी होती आणि ती मातीला मिळाली. ज्याला आपण ऐतिहासिक वस्ती म्हणतो ती बहुतेक ठिकाणी चिरा परवडणाऱ्यांची वस्ती असते. या पुस्तिकेतही त्यांचेच प्रमाण जास्त आहे, कारण उभे तेवढेच आहे.

उभे का आहे, हा मला या विषयातला सर्वांत रंजक प्रश्न वाटतो. प्रेमामुळे, परंपरेमुळे, कोकणी माणसाच्या मातीच्या ओढीमुळे, अशी उत्तरे समारंभात चालतात. सातबारा काढून बघितला की वेगळे उत्तर मिळते. घर सामाईक आहे. आजोबांच्या नावावरची मिळकत चार मुलांकडे, त्यांच्याकडून अकरा नातवंडांकडे, 2005 च्या वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनंतर लेकींचे हक्कही पक्के झाले, हक्कसोड काही झाल्या, काही राहिल्या, कोणी परदेशी गेले, कोणी निपुत्रिक वारले. उताऱ्यावर नावांची माळ. अशा घराचा कोपराही एकट्याने विकता येत नाही. मुंबईचा बिल्डर किंवा रिसॉर्टवाला दारात आला तरी सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत त्याचा उत्साह संपतो. समुद्र दिसणाऱ्या उंचवट्यावरची ही घरे आज टिकली आहेत ती कोणत्याही पुरातत्त्व खात्याने राखली म्हणून नव्हे, भावाभावांचे एकमत झाले नाही म्हणून.

पण ज्याने घर राखले तेच घर पाडते. विकायला जशा सगळ्यांच्या सह्या लागतात तशा छप्पर उतरवायलाही लागतात, निदान सगळ्यांचे पैसे लागतात. दर वर्षी पावसाआधी कौले परतावी लागतात. फुटलेली काढायची, सरकलेली बसवायची, वळचणीचा पालापाचोळा झाडायचा. ते काम जाणणारी माणसे आता थोडी आणि त्यांची मजुरी रास्त तेवढी जास्त. वर वानर. हापूसच्या बागा आल्या, जंगल मागे हटले आणि वानरांच्या टोळ्या छपरांवरून ये-जा करू लागल्या. एका उडीत पाचसहा कौले जातात. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा कौलांचे काय झाले ते इथल्या प्रत्येक घराला विचारावे. त्यानंतर निळे-लाल पत्रे झपाट्याने चढले. पत्र्याखाली घर तापते आणि पावसात आत बोललेले ऐकू येत नाही, पण वानराचा प्रश्न मिटतो. ज्या घरात राहता माणूस आहे त्याने हा निर्णय घेतला तर त्याला दोष देणे बाहेरच्याला सोपे आहे.

बंद घराची गोष्ट आणखी वाईट. चूल पेटत होती तोवर धूर वाशांना लागत होता आणि कीड वर चढत नव्हती. माळ्यावरचे काळेकुट्ट वासे बघून नाक मुरडू नये, त्या काजळीनेच त्यांना जगवले. चूल विझली, घर बंद झाले, की पहिली वाळवी आढ्याला लागते. सारवण थांबले की जमीन उकलते. म्हणून शहाणी कुटुंबे शेजारच्या कोणाला तरी दिवाबत्तीला ठेवतात. त्याने रोज संध्याकाळी दार उघडायचे, देवाजवळ दिवा लावायचा, थोडा केर काढायचा. वरकरणी हे धार्मिक काम. प्रत्यक्षात घराला रोज हवा लागते, गळती वेळेवर कळते. पण त्या माणसाचे पैसे कोणी द्यायचे? यावरूनही अबोला होतो.

पुण्याच्या वाड्यांचे मरण आठवून पाहावे. तिथे 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, भाडेकरूला हक्क सोडवेना. 1961 च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे कित्येक वाडे एका दिवसात नेले आणि बाकीचे विकसकाच्या कराराने गेले. तिथे मालक आणि भाडेकरू यांचा पेच होता. इथे सगळेच मालक. चांदरला ब्रागांझांच्या प्रचंड घराचे दोन भाग दोन शाखांकडे आहेत, पश्चिमेकडे मिनेझिस ब्रागांझा, पूर्वेकडे ब्रागांझा परेरा. पाहुण्याला दोन्हीकडे वेगवेगळे जावे लागते आणि दोन्हीकडे देखभालीसाठी वेगळी देणगी ठेवावी लागते. दोन अंगांची तब्येत वेगळी, हे सहज दिसते. आमच्याकडे तेवढा ऐसपैसपणा नाही. वाटणी होते ती माजघराच्या मधोमध भिंत घालून, आणि एकाच चौकटीतून आत गेल्यावर दोन चुली.

देव मात्र वाटले जात नाहीत, निदान बहुतेक घरांत नाहीत, आणि गणपती तर नाहीच. भाद्रपदात या सामाईक घराची खरी सभा भरते. वर्षभर ज्यांनी एकमेकांना फोन केला नाही ते रेल्वेच्या आरक्षणासाठी एकत्र येतात. 1998 मध्ये कोकण रेल्वे पुरी झाली आणि या प्रवासाचे हाल थोडे कमी झाले, गर्दी मात्र वाढली. चतुर्थीच्या आधी आठ-पंधरा दिवस घर जागे होते. पालापाचोळा काढला जातो, भिंती रंगतात, विहीर उपसली जाते. ओटीवर किंवा माजघरात गणपतीची ठरलेली जागा असते आणि तिच्यावर माटवी बांधतात: चौकटीला नारळ, सुपारीचे घड, कवंडाळे, हरणाची फुले, रानातून आणलेले जे जे त्या हंगामात दिसते ते सगळे. मूर्तीमागची भिंत दर वर्षी नव्याने रंगवायची आणि तिच्यावर चित्र काढायचे, ही या भागाची खास रीत. कुणी मोर काढतो, कुणी कैलास, कुणी सरळ कॅलेंडरवरून उचललेला देखावा. घरातला हात चांगला असेल तर भिंत बघण्यासारखी होते. तयार पडदे आणि थर्माकोलच्या मखरांनी ही कला बरीच मागे ढकलली. तरी ज्या घरात ती चालू आहे तिथे पोपडे निघालेल्या कोपऱ्यात मागच्या वर्षांचे रंग थरावर थर दिसतात.

भित्तिचित्रे म्हटली की अभ्यासक विजयदुर्गच्या परिसरातल्या धुळपांच्या वाड्याकडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. 1756 मध्ये आंग्र्यांकडून विजयदुर्ग गेल्यावर पेशव्यांच्या आरमाराची सूत्रे पुढे आनंदराव धुळपांकडे आली. 1783 मध्ये त्यांच्या आरमाराने इंग्रजांचे ‘रेंजर’ हे जहाज पकडले. अशा घराण्याच्या वाड्यातली चित्रे जपायला हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण मला ही चित्रे आणि वाडीतल्या गणपतीमागच्या भिंती एकाच दिवशी पाहाव्यात असे वाटते. एक चित्र टिकवण्यासाठी काढलेले, दुसरे पुढच्या वर्षी पुसण्यासाठी. दोन्ही घराच्याच भिंतीवर.

मोठ्या माणसांच्या घरांविषयी थोडक्यात. याच देवगड तालुक्यात पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. 6 जानेवारी 1832 ला ‘दर्पण’ काढणारा हा तरुण तेव्हा विशीत होता. धालवल हे विंदा करंदीकरांचे जन्मगाव. पत्रकार आणि कवितेचे वाचक तिथवर जातात, जावेच. रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंडला केशवसुतांचे घर आणि स्मारक आहे, रत्नागिरीत टिळक आळीतले टिळकांचे जन्मस्थान आहे. एका मोठ्या नावाने एक घर वाचते, पण आजूबाजूची वाडी वाचेलच असे नाही. स्मारक झालेल्या घरात चूल पेटत नाही. सगळे झाडून पुसून ठेवलेले, देवखोलीत दोरी बांधलेली. अशा घरात फिरताना घराविषयी कमी आणि माणसाविषयी जास्त कळते. या पुस्तिकेने म्हणून मुद्दाम उलटा रस्ता धरला: नाव नसलेली, पण माणसे राहत असलेली घरे.

नाव नसलेल्या घराला नाव मिळाले की काय होते, याचा एक ताजा दाखला जिल्ह्यातच आहे. 2016 मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आकेरीतल्या एका घरात चित्रित झाली आणि तिथे पर्यटकांची रीघ लागली. नाईकांचा वाडा म्हणून, मालिकेतल्या पात्रांच्या नावाने, लोक तो शोधत येतात. कोकणातल्या जुन्या घराविषयी उर्वरित महाराष्ट्राला जेवढे कुतूहल या मालिकेने दिले तेवढे कोणत्याही ग्रंथाने दिले नसेल, हे मान्य करायला हवे. मात्र त्यामुळे बाहेरच्या माणसाला कोकणातले प्रत्येक अंधारे माजघर झपाटलेले वाटू लागले. बाळंतिणीच्या खोलीत उभे राहून ‘इथे काही जाणवतं का हो?’ असे विचारणारे पाहुणे भेटतात. त्या खोलीत अंधार ठेवला तो ओल्या बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. तिथे किती जणी वाचल्या नाहीत, असे विचारा, म्हणजे खरी धास्तावणारी गोष्ट ऐकायला मिळेल.

मग माणसांनी यावे का? यावे. इंग्लंडात नॅशनल ट्रस्टने 1937 पासून मोठी घरे कुटुंबांकडून घेऊन, कुटुंबाला तिथेच राहू देऊन, लोकांना खुली केली. तसे काही आपल्याकडे येईल ही आशा मला नाही. सरकारी संरक्षण किल्ल्यांना आणि देवळांना पुरत नाही, तिथे वाडीतल्या घराला कुठून पुरणार. सावंतवाडीच्या राजवाड्यात पाहुण्यांची सोय झाली आणि दरबारात गंजिफांचे काम चालू राहिले, तो मार्ग राजघराण्याला जमला. साध्या घराला जमतो तो घरगुती निवासाचा मार्ग, आणि कुणकेश्वरच्या आसपास तो बराच चालू आहे. त्यात धोकाही आहे. पाहुण्याला पडवी, झोपाळा, कंदील आणि केळीचे पान हवे असते. त्याच्या हौसेपायी पडवी चकचकीत होते आणि मागचे रांधपघर पाडून तिथे टाइल्सचे संडास येतात. कुटुंब बाजूच्या पत्र्याच्या खोलीत राहायला जाते. घर तर वाचले, पण त्यात राहणारे बाहेर पडले. यावर माझ्याकडे तयार उपाय नाही, पण पाहुण्याने ‘घर किती जुने’ याच्या जोडीला ‘कोण कुठे झोपतं’ असे विचारले, तर तो काय बघतो आहे हे त्याला तरी कळेल.

घरे निवडताना पुस्तिकेने एकच अट पाळली: घरातल्या राहत्या माणसाची मान्यता आणि मुंबईतल्या निदान एका हिस्सेदाराला कल्पना. मालकांची नावे छापलेली नाहीत. ती छापायची तर सगळ्यांचीच छापावी लागली असती, आणि कोणाचे आधी यावरून नवा तंटा उभा राहिला असता. नकाशात वाड्या आहेत, घरांवर आकडे नाहीत. वाडीत पोचल्यावर पहिल्या घरात विचारावे, ते पुढच्या घरापर्यंत पोचवतात. दुपारी दीड ते चार कोणाच्या दारात जाऊ नये. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरण्याच्या वेळी जायचे तर हात लावायच्या तयारीने जावे. पावसाळ्यात पडवीला झावळ्यांच्या झडी बांधलेल्या असतात आणि घर बाहेरून ओळखू येत नाही, पण जांभ्याचा खरा रंग तेव्हाच दिसतो. चतुर्थीच्या पाच दिवसांत कोणत्याही घरी गेलात तरी कोणी नाही म्हणणार नाही. आरतीला उभे राहावे लागेल, आणि भजनी मंडळ आले तर उसळ-पाव खाल्ल्याशिवाय निघता येणार नाही.

देवखोलीचा फोटो काढू नये. म्हाताऱ्या माणसाचा विचारून काढावा आणि कागदावर छापून पाठवावा, फोनवर पाठवलेला त्यांच्यापर्यंत पोचत नाही. निघताना पैसे द्यावेसे वाटले तर हातात देऊ नयेत, अपमान वाटतो. देवापुढे ठेवावेत, ते चालते. आणि ज्यांना काही मोठे करावेसे वाटते, त्यांनी पावसाआधी, म्हणजे मे महिन्यात, कौले परतण्याच्या मजुरीतला वाटा उचलावा. त्या बाबतीत एकही हिस्सेदार हरकत घेत नाही.